युद्ध संपले ते आपल्याच मुलखात
(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



मारुतीरायाच्या ओट्यावरून उत्तरेस पाहिले म्हणजे सातपुड्याची रांग दिसते. त्याच रांगेत गाविलगड आहे. बहामनी सुलतान अहमदशहाने तो 1425 साली बांधला. चिखलदऱ्यास सहलीला जाणारी मुले गडावरील तोफा व तळी पाहून येतात. परंतु मराठ्यांच्या एका मोठ्या युद्धाचा शेवट येथेच झाला, हे घरच्या वडीलधाऱ्यांनी त्यांना सांगावयास हवे.

1803 साली दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले इंग्रजांविरुद्ध उभे ठाकले. यशवंतराव होळकर मात्र त्या वेळी दूर राहिले. 23 सप्टेंबरला असईची लढाई हातची गेली. नोव्हेंबरात शिंद्यांनी भोसल्यांना सोडून स्वतंत्रपणे लढाई तहकूब केली. 29 नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगावच्या मैदानात पराभव झाला. मग जनरल वेलस्ली गाविलगडाकडे वळला. दक्षिणेचा कडा अवघड, म्हणून इंग्रजांनी डोंगरातून वाट पाडली व जड तोफा उत्तरेच्या बाजूस ओढून नेल्या. तटाला खिंडार पडले आणि 15 डिसेंबरला गड गेला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता धारातीर्थी पडला.

17 डिसेंबरला देवगावी भोसल्यांचा व 30 डिसेंबरला सुर्जी-अंजनगावी शिंद्यांचा तह झाला. गाविलगड व नरनाळा भोसल्यांकडे राहिले, पण वर्धेच्या पश्चिमेचा बाकी मुलूख निजामाकडे गेला. पुढे 1853 साली वऱ्हाडचा कारभार इंग्रजांनी घेतला. कास्तकाराच्या वावराचा धनी दोनदा बदलला, त्याला कोणी पुसले नाही. अमरावतीच्या जयस्तंभ चौकातून जाताना 1947 चा जय आठवतो. त्याआधीचा हा पराजयही आठवावा.

तट पडण्यापूर्वी माणसांत खिंडार पडले होते. मंदिराची भिंत खचली तेव्हा दोन्ही पुऱ्यांतील मंडळींनी मिळून दगड वाहिले. कोणी हजार रुपये दिले, कोणी आठ दिवसांची मजुरी दिली. आता देणगीच्या शिळेवर कोणाचे नाव वर, यावरून बोलाचाली झाली आहे. कळस चढला, पण सभामंडप अजून उघडा आहे. शिळेवरील नावे मागेपुढे झाली तरी चालेल, मंडपाचे काम थांबता कामा नये.

मारुतीराय सर्वांना सद्बुद्धी देवो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!