खर्चाची वही

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझा धंदा मसाले-भाजणीचा. भाषणाची सवय नाही; पण चिटणीसबाईंचा आग्रह, म्हणून माझी एक चूक तुमच्यापुढे ठेवते.

पहिल्या वर्षी मी वहीच ठेवली नाही. घराचा आणि धंद्याचा खर्च एकाच डब्यातून होई. त्यात पावसाने माल बुरसला व तोटा आला. आयकराचे विवरणपत्र भरताना खर्चाचा एकही कागद हाती नव्हता. लहान धंद्याला उलाढालीच्या ८ टक्के, बँकेमार्फत आलेल्या रकमेवर ६ टक्के, नफा धरण्याची सोय आहे. ती घेतली की खर्च वेगळे वजा होत नाहीत. मला तीच घ्यावी लागली. तोटा सोसून मी नफा लिहून दिला! शिवाय ही सोय मध्येच सोडायला अटी आहेत. म्हणून आधी जाणकाराला विचारावे.

पुढे वही धरली. धंद्यासाठीच केलेला खर्च वजा होतो : मिरची, धणे, पिशव्या, मदतनीस बाईची मजुरी, मालाची ने-आण. विजेचे बिल घराचे व धंद्याचे एकच असेल, तर धंद्यापुरता वाजवी वाटा धरावा. नणंदेच्या लग्नातली साडी त्यात बसवू नये! घरघंटी वर्षानुवर्षे चालते, म्हणून तिची किंमत एकदम वजा होत नाही. उरलेल्या किमतीवर दरवर्षी १५ टक्के घसारा मिळतो. वर्षारंभी घेतलेल्या २०,००० रुपयांच्या घंटीवर पहिल्या वर्षी ३,०००, दुसऱ्या वर्षी २,५५०.

तरी एक फटका बसलाच. एकाच व्यापाऱ्याला एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रोख दिली, तर तो खर्च धरत नाहीत. माझी १८,००० रुपयांची मिरची अशी हिशेबातून गेली. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा आयकर कायदा आला; कलमांचे आकडे बदलले, ही तत्त्वे राहिली.

शेवटी एवढेच. मालकिणीची स्वतःची मजुरी कायदा खर्चात धरत नाही. पहाटे चारला उठून भाजलेली भाजणी तिथे शून्य. तरीही वहीच्या मागच्या पानावर मी माझे तास लिहिते. ते करासाठी नव्हे. धंदा मला पोसतो की मी धंद्याला, हे माझे मला कळावे म्हणून.