चानीचे पोरके पिल्लू



पांढुर्णा-सौंसरकडे उन्हाळी वावटळ सुटली, की चानीचे घरटे खाली येते आणि मुले पिल्लू रुमालात घेऊन आमच्या दारी हजर होतात. पहिले पिल्लू आम्हीच मारले, मायेपोटी मारले. गार पडलेल्या त्या जिवास आम्ही घाईने गाईचे दूध पाजले. ते पचले नाही; हगवण लागून दुसऱ्या दिवशी ते गेले.

तेव्हापासून आमचा क्रम उलटला. आधी ऊब द्यावी. फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली पुरते. मग बाटलीसह खोके त्याच झाडाखाली ठेवून दूर उभे राहावे. आई पुष्कळदा पिल्लू तोंडात धरून नेते. नाहीच आली, तर प्रथम जलसंजीवनी आणि नंतर शेळीचे कोमट दूध, बिनसुईच्या पिचकारीने, थेंब थेंब, पिल्लू पालथे धरून पाजावे. उताणे पाजल्यास दूध फुप्फुसात उतरते, हे पक्के ध्यानात असू द्या. डोळे उघडेतो दर दोन-तीन तासांनी पाजणे आले, रात्रीसुद्धा. पाजल्यावर कोमट ओल्या कापसाने खालचा भाग हळूच पुसावा. एरवी त्यास लघवी होत नाही.

आमच्या अम्मी पहाटे नमाजास उठतात, म्हणून ती पाळी त्यांची. दुसऱ्या कुणास त्या हात लावू देत नाहीत.