मूल वेळेवर बसत नसेल तर...
(पालक मेळाव्यातील भाषण)



दीड वर्षाचे मूल चालत नसले की घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, "याचा बापही उशिराच चालला होता. थांबा जरा." मला आज या 'थांबा'विषयीच बोलायचे आहे.

सगळी मुले एकाच वेळी चालत नाहीत, हे खरे. परंतु नऊ महिन्यांचे मूल आधाराशिवाय बसत नसेल, दीड वर्षाचे होऊनही पाऊल टाकत नसेल, किंवा त्याचे अंग फार ताठ अथवा फार ढिले वाटत असेल, तर डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. पहिल्या काही वर्षांत मेंदूची वाढ झपाट्याने होते. तो काळ वाट पाहण्यात गेला, तर ताठ स्नायू आखडत जातात आणि पुढचे काम अवघड होते.

फिजिओथेरपी म्हणजे मालिश नव्हे. मान सावरणे, कुशीवर वळणे, बसणे, उभे राहणे हे मुलाला पायरीपायरीने शिकवण्याचे ते शास्त्र आहे. मेंदूला झालेली इजा त्याने भरून निघत नाही, पण मूल आपली कामे आपण करण्याच्या दिशेने पुढे सरकते. दवाखान्यातील अर्धा तास त्याला पुरत नाही. मूल जागे असताना पालथे ठेवून समोर खेळणे धरावे. पाय कात्रीसारखे आवळणाऱ्या मुलाला पाय फाकवून कडेवर घ्यावे. मात्र हे तज्ज्ञांकडून शिकूनच करावे, सांधे जोराने ओढू नयेत. आणि हे काम एकट्या आईचे नाही, बापाचेही आहे.

मुंबईच्या फातेमा इस्माईल यांच्या मुलीला पोलिओ झाला. त्यांनी मुलीला लपवून ठेवले नाही. तिच्यावर उपचार केले आणि १९४७ साली इतरांच्या मुलांसाठीही मुंबईत उपचार केंद्र उघडले. हाजीअलीचे मुलांचे रुग्णालय त्याच कार्यातून उभे राहिले. १९५८ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

आपल्या शहरात घाटी रुग्णालयाचा बालरोग विभाग आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

पालकहो, दुआ जरूर करा, पण दवेला उशीर करू नका. विद्यार्थी मित्रांनो, मोहल्ल्यात असे मूल असेल तर त्याला खेळात घ्या.