नादारीचा कायदा आणि आपली पत
(खामगाव येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



१८७० साली जलंबहून खामगावी लोहमार्ग आला तो कापसासाठी. त्या बाजारपेठेवर आपल्यातील कित्येक घराण्यांनी भरभराट पाहिली. परंतु जेथे व्यापार आहे तेथे नफ्याच्या शेजारी बूडही वसते. म्हणून आज लक्ष्मीच्या आगमनाविषयी नव्हे, तर तिच्या निर्गमनाविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. आमच्या काकांची सरकीची पेढी बुडाली, तेव्हा त्यांनी प्रथम घर काकूंच्या नावे केले, सोयऱ्यांची देणी गुपचूप चुकती केली, आणि ज्या शेतकऱ्यांचा माल उधारीवर आणला होता त्यांना मात्र ‘उद्या या’ म्हणून परत पाठविले. त्यांच्या मनात लोभ नव्हता, अब्रूचे भय होते. पण शेवटी घरही राहिले नाही आणि शब्दही राहिला नाही.

कायद्यास हे दोन्ही व्यवहार अमान्य आहेत. व्यक्तीच्या नादारीचा अर्ज १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्यान्वये जिल्हा न्यायालयात करता येतो. न्यायालय नादार ठरविते आणि मालमत्ता प्रापकाच्या, म्हणजे लोक ज्यास रिसीव्हर म्हणतात त्याच्या, हाती जाते. तो ती विकून धनकोंना त्यांच्या देण्याच्या प्रमाणात वाटून देतो. अर्जापूर्वी दोन वर्षांत मोबदल्याशिवाय केलेले हस्तांतर आणि तीन महिन्यांत एखाद्याच धनकोस झुकते माप देऊन केलेली फेड रद्द होऊ शकते. मात्र स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, शेतकऱ्याची अवजारे आणि धर्माप्रमाणे स्त्रीला उतरवता न येणारा अलंकार यांना हात लागत नाही. पुढे न्यायालय ऋणमुक्ती देते. कपटाने केलेले देणे व सरकारी देणे मात्र सुटत नाही.

कंपनीचा मार्ग निराळा. २०१६ च्या संहितेनुसार तिचे प्रकरण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे जाते. त्यासाठी मार्च २०२० पासून किमान एक कोटी रुपयांची थकबाकी लागते. अर्ज दाखल करून घेतल्यावर वसुलीचे दावे थांबतात आणि कारभार एका व्यावसायिकाच्या हाती येतो. अशा व्यावसायिकांची नोंदणी व त्यांच्यावर देखरेख १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झालेले नादारी व दिवाळखोरी मंडळ करते. निवाडा मात्र न्यायाधिकरणच देते. कंपनी वाचत नसेल तर समापन होते, आणि त्यात खर्च वजा जाता कामगारांचे चोवीस महिन्यांचे वेतन तारण असलेल्या धनकोंच्या बरोबरीने येते. आणि तरुण बंधूंनो, कंपनीच्या कर्जास जामीन म्हणून सही करताना दोनदा विचार करा. १ डिसेंबर २०१९ पासून अशा जामीनदाराविरुद्धही या संहितेखाली कारवाई होऊ शकते.

शेवटी दोन विनंत्या. अडचणीत आलेल्याने वेळीच वह्या उघडाव्यात. झाकलेले देणे व्याजाबरोबर लाजही वाढविते. दुसरी विनंती आपणा सर्वांस. काकांच्या पडत्या दिवसांत आम्ही त्यांच्या ओसरीवर पाऊल ठेवले नाही, ही खंत आजही आमच्या मनात आहे. एखादा तरी आप्त जवळ बसून ‘वह्या दाखव’ म्हणाला असता, तर काकांनी बहुधा काही लपविले नसते. ज्याने सर्व धनकोंस सारखे मानून आपले हिशेब मोकळेपणाने मांडले, त्याच्या घरी सोयरीक करण्यास आपला समाज कचरणार नाही, एवढे आज येथे ठरले तरी हे भाषण सार्थकी लागले असे आम्ही मानू.