आवळलेला दंड आणि अरुंद रोहिणी



मेंदूतील एखाद्या मोठ्या रोहिणीच्या भिंतीत मेदाचे थर साचून तिची वाट अरुंद झाली, म्हणजे पक्षाघाताचे भय त्या मनुष्याच्या मागे कायमचे लागते. आणि हा विकार पाश्चात्त्यांपेक्षा आपणां आशियाई लोकांत अधिक आढळत असल्याने, चीनमध्ये त्यावर जो एक साधा उपाय योजून पाहिला गेला, त्याची हकीकत आपण नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

या उपायाचे मूळ १९८६ सालच्या एका प्रयोगात आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी कुत्र्याच्या हृदयाची एक रोहिणी पाच-पाच मिनिटे चार वेळा रोधून मोकळी केली आणि मग तीच चाळीस मिनिटे बंद ठेवली. तेव्हा अशी पूर्वतयारी झालेल्या हृदयात मृत स्नायूंचे क्षेत्र एरवीच्या सुमारे चतुर्थांशच भरले. पुढे असे दिसून आले की, दंडाने क्षणकाल सोसलेल्या रक्तरोधाची वर्दी मज्जातंतूंच्या व रक्ताच्या द्वारे दूरच्या अवयवांनाही पोचते.

बीजिंगच्या वैद्यांनी २०१२ साली ६८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी काहींच्या दोन्ही दंडांना रक्तदाब मोजण्याच्या पट्ट्यासारखा पट्टा बांधून, पाच मिनिटे आवळावा व पाच मिनिटे सैल सोडावा, असे पाच फेरे दिवसातून दोनदा, ३०० दिवस करविले गेले. त्या अवधीत त्यांच्यातील ७.९ टक्के, तर इतरांतील २६.७ टक्के रुग्णांना पुन्हा पक्षाघात झाला. परंतु ३,०३३ रुग्णांवर झालेल्या व २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या परीक्षेत एका गटाचा पट्टा पाऱ्याच्या २०० मिलिमीटर दाबापर्यंत आणि दुसऱ्याचा केवळ ६० पर्यंत फुगविला असता, हेच प्रमाण १६.९ आणि १९.० टक्के आले. आणि एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो.

मग या उपायाने अपाय तरी होतो काय? ज्याच्या मेंदूला रक्त आधीच अपुरे पोचते, त्याचा दंड आवळणे धोक्याचे ठरेल, ही शंका रास्तच होती. तथापि या परीक्षांत उपायामुळे कोणास गंभीर इजा झाल्याचे आढळले नाही. दंड दुखणे, बधिरणे, त्वचेवर बारीक लाल ठिपके उमटणे, एवढ्याच तक्रारी मुख्यत्वे नोंदल्या गेल्या.

पण निर्धोकपणाचा हा दाखला निवडक रुग्णांपुरता आणि ठरावीक दाब व वेळ पाळणाऱ्या यंत्रापुरता आहे; घरी दोरीने वा फडक्याने दंड करकचून बांधणाऱ्यास तो लागू नाही. हाताच्या शिरेत रक्ताची गुठळी असलेल्याने, डायलिसिससाठी हातावर शस्त्रक्रिया झालेल्याने, अथवा ज्याचा रक्तदाब आटोक्यात नाही त्याने वैद्याच्या हुकुमाविना या वाटेस जाऊच नये. शिवाय निरुपद्रवी असणे निराळे आणि गुणकारी ठरणे निराळे. रक्त गोठू न देणारी औषधे, मेद उतरविणाऱ्या गोळ्या, रक्तदाब व मधुमेह यांवरील नियंत्रण आणि तंबाखूचा संपूर्ण त्याग, हे उपाय सिद्ध आहेत. पट्ट्याच्या भरवशावर त्यांपैकी एकही सोडू नका, अशी माझी आपणां सर्वांस कळकळीची विनंती आहे.