यंदा पारनेरा, पण पहाटे

मंडळी, गेल्या वर्षी आपण पारनेरा गडावर गेलो. वलसाडजवळची छोटी टेकडी, वर पायऱ्या. म्हणून उशिरा निघालो, पाणीही माणशी एकच बाटली. अकराला कातळ तापला. १६७६ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी हा गड घेतला, हे मुलांना सांगत आपण वर पोहोचलो, आणि आपल्यातले एक आजोबा मागे भोवळ येऊन बसले होते. ते कुणालाच कळलं नाही.

नवरात्रात तिथे देवीच्या दर्शनाची गर्दी असते, म्हणून यंदा दसऱ्यानंतर जाऊ. ऑक्टोबरचं ऊन कडक, तेव्हा आमलीहून पहाटे पाचला निघायचं. माणशी दोन लिटर पाणी, टोपी, पायात बूट. सर्वांत हळू चालणारा सर्वांच्या पुढे. दहा वाजता जिथे असू तिथून परत. गड कुठे पळून जात नाही.

गणपती बाप्पा मोरया!