डोक्याला मार लागलाय, मूल पेंगतंय... झोपू द्यायचं का?

मी बालरोगतज्ज्ञ आहे, पण आजची गोष्ट आई म्हणून सांगणार आहे.

मुलगा चार वर्षांचा होता. दिवाणावर उड्या मारताना पडला, डोकं फरशीवर आपटलं. लगेच रडला, टेंगूळ आलं, दहा मिनिटांत पुन्हा खेळायला लागला. सासूबाई म्हणाल्या, "आज त्याला झोपू देऊ नकोस हं."

हा प्रश्न मला दवाखान्यातही नेहमी येतो. झोपेची वेळ झाली असेल आणि मूल एरवीसारखंच वागत असेल, तर झोपू द्या. झोपेने इजा वाढत नाही. भीती वेगळी आहे. कवटीच्या आत रक्तस्राव होत असेल तर तो हळूहळू साठतो. मूल आधी ठीक दिसतं, काही तासांनी बिघडतं. म्हणून पहिले 24 तास डोळ्यांत तेल घालून बघायचं, त्यानंतरही एक-दोन दिवस लक्ष ठेवायचं.

रात्री त्याला उलटी झाली. मी स्वतःला म्हटलं, दूध जास्त झालं असेल. तासाभरात दुसरी झाली, तरी मी कारण शोधतच होते! मग मनात आलं, हाच फोन दुसऱ्या कुणाचा असता तर मी काय सांगितलं असतं? "लगेच निघा." निघालो. रात्रभर देखरेखीखाली ठेवलं. सकाळी स्वारी बिस्किटं खात घरी आली.

तर ही लक्षणं लिहून फ्रिजवर लावा: पुन्हा पुन्हा उलट्या, शुद्ध हरपणं, झटके, उठवूनही नीट जागं न होणं, वाढत जाणारी डोकेदुखी, तोल जाणं, हातापायात अशक्तपणा, असंबद्ध बोलणं, दोन बाहुल्या लहान-मोठ्या दिसणं, नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव. यातलं एक जरी दिसलं तरी थांबू नका. मूल बेशुद्ध असेल किंवा झटके येत असतील तर 108 ला फोन करा. झटक्यात तोंडात चमचा घालू नका, कांदा हुंगवू नका, कुशीवर वळवा. एक वर्षाच्या आतलं बाळ पडलं तर लक्षणांची वाट न बघताच दाखवा.

टेंगळावर तेल चोळू नका. कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं धरा, पुरे.

आणि माझ्यासारखी कारणं शोधत बसू नका. डॉक्टरांकडचा एक फुकट हेलपाटा परवडतो. काळजी घ्या, भेटू पुढच्या भागात.